बर्फ वितळल्यानंतरचे ब्लूगिल: तळ्यावर फ्लाय रॉडने गरवण्याची पद्धत

शिकागोच्या उपनगरांतील तळ्यांवरचा बर्फ साधारण मार्चमध्ये वितळतो. ब्लूगिल मासा काठाजवळ घरटी करून बसतो तो मेच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा गांडूळ लावलेल्या कोणत्याही गळाला तो लागतो. शाळकरी मुलेसुद्धा तासाभरात डझनभर मासे काढतात. या दोन घटनांच्या मधले आठ-दहा आठवडे मात्र तळ्याकाठी फारसे कोणी फिरकत नाही. मासे या दिवसांत तळ्यातच असतात आणि खातही असतात. फक्त ते कोठे आहेत आणि किती हळू खातात हे ओळखून गरवावे लागते. पुढील माहिती उत्तर इलिनॉयमधील लहान व मध्यम तळ्यांच्या अनुभवावर आधारलेली आहे. मिशिगन, ओहायो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांना हीच पद्धत चालेल, मात्र तारखा तेथील पाण्याच्या तापमानाप्रमाणे पुढेमागे कराव्या लागतील.

प्रथम माशाची ओळख करून घेऊ. ब्लूगिल हा उत्तर अमेरिकेतील सनफिश कुळातला मासा असून रॅफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आकाराने तो चपटा आणि तळहाताएवढा असतो. आपल्याकडच्या बाजारात चिलापी पाहिलेल्या माणसाला तो पहिल्या भेटीत तिचाच भाऊबंद वाटतो, पण दोघांची कुळे वेगळी आहेत. कल्ल्याच्या झाकणाच्या टोकाशी कानासारखा संपूर्ण काळा ठिपका, पाठीवरच्या पराच्या मागच्या भागाच्या बुडाशी एक धूसर डाग, अंगावर उभे पट्टे आणि अगदी लहान तोंड, या चार खुणा लक्षात ठेवाव्यात. कानाच्या टोकाला लाल-नारिंगी कड असेल तर तो पम्पकिनसीड आणि तोंड मोठे असेल तर बहुधा ग्रीन सनफिश समजावा. सहा इंची ब्लूगिल सर्वत्र मिळतो, आठ इंची मिळाला की समाधान मानावे आणि दहा इंची मिळाला तर त्या दिवसाची नोंद करून ठेवावी. जागतिक विक्रम ४ पौंड १२ औंसांचा असून तो १९५० मध्ये अलाबामातील केटोना तळ्यात झाला. इलिनॉयने १९८६ मध्ये या माशाला राज्यमत्स्याचा दर्जा दिला, त्यामुळे सुरुवात इथूनच करण्यात औचित्यही आहे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे तापमान. नवशिका माणूस दुकानात जाऊन फ्लायच्या, म्हणजे गळावर पिसे व धागे बांधून केलेल्या कीटकासारख्या आमिषांच्या, दहा डब्या घेतो आणि थर्मामीटर घेत नाही. माझ्या मते मार्च-एप्रिलमध्ये याच्या नेमके उलट करावे. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला, म्हणजे सुमारे ३९ अंश फॅरनहाइटला. बर्फ गेल्यावर वारा संपूर्ण तळे ढवळून काढतो आणि काही दिवस पृष्ठभागापासून तळापर्यंत पाणी जवळपास सारख्याच तापमानाचे असते. त्यानंतर ऊन उथळ भाग तापवू लागते, पण सगळीकडे सारखे नाही. सूर्य दक्षिणेकडून येत असल्यामुळे उत्तरेकडच्या काठाला ऊन जास्त मिळते आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून काठावरची झाडे व उंचवटा त्याचे रक्षणही करतात. काळ्या गाळाचा तळ वाळूच्या तळापेक्षा जास्त उष्णता शोषतो. तळ्याचा आत शिरलेला लहानसा फाटा, जेथे वारा पोहोचत नाही आणि पाणी दोन-तीन फूटच असते, तो सर्वांत आधी तापतो. अशा फाट्यात आणि तळ्याच्या मुख्य भागात दुपारी चार-पाच अंश फॅरनहाइटचा फरक सहज सापडतो, आणि वसंताच्या सुरुवातीला माशासाठी तेवढा फरक पुरेसा असतो.

थर्मामीटर दोरीला बांधून कोपराएवढ्या खोलीवर एक-दोन मिनिटे ठेवावा. अगदी पृष्ठभागाचे तापमान फसवे असते. काठाने चालत निदान तीन ठिकाणी मोजावे आणि जेथे आकडा सर्वांत मोठा येईल तेथून सुरुवात करावी. पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या (७ सेल्सिअस) खाली असताना बहुतेक मासे खोल पाण्यातच असतात आणि काठावरून त्यांना गाठणे कठीण जाते. ५० च्या (१० सेल्सिअस) आसपास ते दुपारपुरते उथळ फाट्यांत येऊ लागतात. ५५ ते ६० (१३ ते १६ सेल्सिअस) या टप्प्यात दोन ते चार फूट पाण्यात ते भरवशाने सापडतात. ६७ ते ७० च्या (१९ ते २१ सेल्सिअस) पुढे घरटी सुरू होतात. हे आकडे काटेकोर सीमारेषा मानू नयेत. एका गरम दिवसापेक्षा सलग तीन बऱ्यापैकी उबदार दिवस अधिक महत्त्वाचे असतात आणि रात्री गारठा पडला तर आदल्या दिवशीचे सगळे गणित सकाळी कोलमडलेले असते. म्हणूनच या हंगामात पहाटे उठून तळ्यावर धावण्यात अर्थ नाही. सकाळी घरची कामे उरकावीत, जेवण करावे आणि दुपारी दोननंतर निघावे; दोन ते सूर्यास्त हाच काळ कामाचा. गार हवेची लाट आली की मासे उथळातून निघून पहिल्या उताराशी, म्हणजे जेथे तळ अचानक सहा-आठ फुटांवर जातो त्या कडेशी, दाटीवाटीने थांबतात. सकाळी जावेच लागले तर तेथेच शोधावे.

वाऱ्याबाबत एक बारकावा आहे. थोडा दक्षिणेचा उबदार वारा एक-दोन दिवस वाहत असेल तर तो पृष्ठभागाचे तापलेले पाणी समोरच्या काठाकडे ढकलत नेतो. अशा वेळी वारा अंगावर घेत त्या काठावर उभे राहणे गैरसोयीचे असले तरी मासे तेथे असण्याची शक्यता अधिक असते. उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यात मात्र आडोसाच शोधावा.

ऊब सापडल्यावर आडोसा पाहावा. एप्रिलमध्ये तळ्यात पाणवनस्पती फारशा नसतात, त्यामुळे जे काही उभे आहे त्याच्याभोवती मासे गोळा होतात. गतवर्षीच्या पाणकणसाचे तपकिरी देठ, कमळाच्या वेलींचे उरलेले बुंधे, पाण्यात पडलेले झाड, लाकडी धक्क्याचे खांब, अशा जागा प्रथम पाहाव्यात. कर्ली-लीफ पाँडवीड नावाची एक परकी पाणवनस्पती येथील अनेक तळ्यांत पसरली आहे. ती बर्फाखालीही वाढते आणि वसंतात सर्वांत आधी हिरवी दिसते. व्यवस्थापकांना ती नकोशी असली तरी या दिवसांत तिच्या हिरव्या पट्ट्याची बाहेरची कड ही ब्लूगिलची अत्यंत आवडती जागा असते. एल्क ग्रोव्ह व्हिलेजजवळचे बसी तळे सॉल्ट क्रीक अडवून पूरनियंत्रणासाठी तयार केलेले आहे आणि त्याच्या आत शिरलेल्या उथळ भागांत ही सगळी लक्षणे एकत्र पाहता येतात. व्हीटनजवळचे हेरिक तळे आकाराने लहान असल्यामुळे संपूर्ण काठ एका दुपारी मोजून काढण्यास सोयीचे आहे, आणि पहिल्या वर्षी असेच लहान तळे निवडावे.

मासा काय खातो हे कळल्याशिवाय फ्लाय निवडता येत नाही. या काळात त्याचे मुख्य अन्न म्हणजे मिज, म्हणजे चिलटांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकांच्या अळ्या व कोष. त्यांच्यातील काही अळ्या तळाच्या गाळात राहतात आणि शरीरातील हिमोग्लोबिनमुळे लाल दिसतात. कोष झाल्यावर ते हळूहळू वर येतात, आणि शांत दुपारी पाण्यावर त्यांची रिकामी आवरणे तरंगताना दिसली तर ती चांगली खूण समजावी. याखेरीज सूक्ष्म पाणपिसवा, टाचणी या कीटकाची पाण्यातली पिल्ले आणि इतर लहान जलकीटक हेही त्याच्या आहारात असतात. ब्लूगिल भक्ष्याच्या जवळ येऊन थांबतो, न्याहाळतो आणि तोंड उघडून पाण्यासकट ते आत ओढतो. नको वाटले तर तितक्याच चटकन बाहेर टाकतो. गार पाण्यात त्याचा चयापचय मंद असल्यामुळे तो पाठलाग करत नाही. समोर आलेले, लहान, जवळजवळ स्थिर असलेले खाद्य तो घेतो. फ्लायचा आकार आणि तिची हालचाल या एकाच गोष्टीवरून ठरते.

साहित्य साधे असावे. साध्या गळाच्या रॉडमध्ये शिशाचे वजन दोरीला पुढे नेते. फ्लाय रॉडमध्ये फ्लायला वजनच नसते, म्हणून जाड लाइनचे वजनच फ्लायला पुढे नेते. लाइनला दिलेला क्रमांक हा तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो, आणि ४ क्रमांकाच्या लाइनसाठी ते १२० ग्रेन, म्हणजे आठ ग्रॅमच्या आत असते. ब्लूगिलसाठी ३ किंवा ४ क्रमांकाचा, आठ ते नऊ फुटी रॉड उत्तम. वाऱ्याच्या तळ्यावर किंवा एकच रॉड घ्यायचा असल्यास ५ क्रमांकाचाही चालतो. लाइन तरंगणारी घ्यावी. रील केवळ लाइन गुंडाळून ठेवण्यासाठी लागते, तिच्यावर जास्त पैसे घालवू नयेत. लाइनच्या टोकाला नऊ फुटी निमुळता लीडर, म्हणजे जोडदोरा, आणि त्याच्या पुढे दीड-दोन फूट ५एक्स टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा बारीक दोरा, जोडावे, ज्याची जाडी इंचाच्या सहा हजारांशाएवढी असते. मासा लागल्याची खूण देणारा बारीक, गोल, बुचासारखा तरंगणारा इंडिकेटर, लहान कात्री, गळ काढण्याची चिमटी आणि ध्रुवीकृत चष्मा एवढे जवळ असले की झाले. लीडर आणि टिपेट जोडण्यास सर्जन्स गाठ आणि फ्लाय बांधण्यास क्लिंच गाठ पुरते. गाठ ओढून घट्ट करण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, कोरडी ओढल्यास दोरा कमकुवत होतो.

फ्लायचे चार प्रकार पुरेसे आहेत. काळी किंवा लाल झेब्रा मिज १४ क्रमांकाच्या गळावर, फेझंट टेल निम्फ आणि हेअर्स इअर निम्फ (निम्फ म्हणजे कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लासारखी फ्लाय) १२ किंवा १४ वर, आणि हिरवट तपकिरी रंगाची, मऊ शेपटीची टाचणीच्या पिल्लासारखी निम्फ १० किंवा १२ वर. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्याला उलटे वाटते. १० पेक्षा मोठा गळ घेतल्यास टोचण्या पुष्कळ मिळतात पण मासा लागत नाही, कारण तोंडात गळ मावतच नाही. काही फ्लायना डोक्याशी लहान पितळी मणी असावा म्हणजे त्या बुडतील, आणि काही मण्याविना असाव्यात म्हणजे त्या संथपणे खाली जातील. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा.

पिसांवरून एक गोष्ट सांगायला हवी. सॅमनसाठीच्या जुन्या, शोभिवंत फ्लायमध्ये जी मेणाच्या ठिपक्यांसारखी चमकदार पिसे दिसतात ती आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. हा पक्षी भारतात कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे गावाकडून येताना अशी पिसे हौसेने बॅगेत टाकून आणू नयेत. ब्लूगिलला त्याची गरजही नाही. साधी कोंबडीची पिसे, सशाचे केस आणि तांब्याची तार एवढ्यावर त्याचे भागते.

फेकीचा सराव आधी घराजवळच्या हिरवळीवर, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करावा. रॉड मागे नेऊन घड्याळातील एकच्या काट्याशी थांबवावा, लाइन मागे सरळ होऊ द्यावी आणि मग पुढे आणून दहाच्या काट्याशी थांबवावा. बहुतेक चुका या मागच्या थांब्याची घाई केल्याने होतात. मागे झाडी असेल तर रोल कास्ट शिकून घ्यावा, ज्यात लाइन मागे उडत नाही. ती पाण्यावरून सावकाश ओढून रॉडच्या मागे अर्धवर्तुळात लोंबू द्यायची आणि एकाच ठाम हालचालीने पुढे उलगडायची. एप्रिलमधले मासे बहुतेक वेळा काठापासून पंचवीस-तीस फुटांत असतात, तेव्हा लांब फेकीची चिंता करू नये. उलट, पायांचा धपधप आवाज आणि पाण्यावर पडणारी स्वतःची सावली यांची काळजी घ्यावी.

या दिवसांतील सर्वांत फलदायी पद्धत इंडिकेटरची आहे. फ्लाय तळापासून सुमारे एक फूट वर राहील एवढे अंतर ठेवून लीडरवर इंडिकेटर लावावा. पाणी तीन फूट असेल तर अंतर दोन फूट. खोली नक्की कळत नसल्यास अंतर थोडे थोडे वाढवत जावे, आणि फ्लायवर गाळ किंवा शेवाळ येऊ लागले की सहा इंच कमी करावे. फेक केल्यावर लाइनमधली ढील काढून घ्यावी आणि नंतर काहीही करू नये. हेच सर्वांत कठीण आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षे फ्लाय सारखी ओढत राहिलो आणि शेजारी घडीच्या खुर्चीत बसून, हातातला रॉड हलवण्याचीही तसदी न घेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना माझ्या चौपट मासे मिळताना पाहत राहिलो. वाऱ्याने पाण्यावर बारीक लहरी असतील तर इंडिकेटर आपोआप डुलतो आणि खाली फ्लायही वर-खाली होते. तेवढी हालचाल पुरते. पाणी अगदी निश्चल असेल तर वीस-तीस सेकंदांनी लाइन दोन इंच ओढावी आणि पुन्हा थांबावे.

मासा लागल्याची खूण म्हणून इंडिकेटर खाली बुडेल अशी वाट पाहणाऱ्याला गार पाण्यात निम्मे मासे कळतच नाहीत. तो किंचित कलतो, वाऱ्याबरोबर सरकत असताना मध्येच अडखळतो, वाऱ्याच्या विरुद्ध अर्धा इंच जातो किंवा खालचे वजन उचलले गेल्याने थोडा वर येतो. यांपैकी काहीही दिसले की रॉडचे टोक हळूच, मनगटाएवढेच उचलावे. झटका देऊ नये. झटक्याने लहान तोंडातला गळ निसटतो आणि इतर मासेही बिथरतात. एका जागी दहा-बारा फेकींत काही घडले नाही तर खोली बदलावी, तरीही काही नाही तर जागा बदलावी. फ्लाय बदलणे हा तिसरा उपाय. एक मासा मिळाला की मात्र तेथून हलू नये, कारण ब्लूगिल थव्याने राहतो. थव्यात साधारण एकाच आकाराचे मासे असतात, म्हणून चार-चार इंची पिल्लेच लागत असतील तर जरा खोल कडेकडे सरकणे श्रेयस्कर.

इंडिकेटर नको असेल तर मणी असलेली निम्फ फेकून मनात आकडे मोजत बुडू द्यावी, पाच आकड्यांवर एकदा, आठवर एकदा, दहावर एकदा, आणि ज्या आकड्यावर मासा मिळेल तो कायम ठेवावा. मग डाव्या हाताच्या बोटांत लाइन आठच्या आकड्यासारखी गुंडाळत अत्यंत संथपणे आत घ्यावी आणि मधूनमधून थांबावे. नजर पाण्यात शिरणाऱ्या लाइनच्या टोकावर ठेवावी. ते सरळ झाले किंवा थरथरले की रॉड उचलावा. पाणी ५५ अंशांच्या पुढे गेल्यावर ही पद्धत इंडिकेटरइतकीच चालते, आणि टाचणीची निम्फ तर अशी ओढूनच वापरावी.

ब्लूगिल लागला की तो आपली चपटी बाजू पाण्याला आडवी धरून गोल गोल फिरतो, त्यामुळे लहान मासाही हलक्या रॉडवर चांगला जोर देतो. हातात घेताना हात आधी ओला करावा आणि डोक्याकडून शेपटीकडे सरकवत पाठीवरचे काटे खाली दाबून धरावेत. ते दहाच्या आसपास असतात आणि चांगलेच टोचतात. ज्याला खायचे आहेत त्याने सहा-सात इंची मध्यम मासे मोजके घ्यावेत. हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून तळल्यास ते उत्तम लागतात, काटे मात्र जपून काढावेत. सर्वांत मोठे मासे परत सोडावेत, विशेषतः गडद रंगाचे, नारिंगी छातीचे नर. घरट्यांची राखण हेच नर करतात. ते नाहीसे झाले की लहान नर वाढ थांबवून लवकरच प्रजननाला लागतात आणि काही वर्षांत सगळे तळे बोटाएवढ्या माशांनी भरून जाते. आणखी एक, पकडलेला जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नये. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. ते तेथील तळ्यांत पसरून देशी माशांच्या मुळावर उठले, आणि २००७ मध्ये सम्राट असताना अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

नियमांबाबत दोनच सूचना. इलिनॉयमध्ये परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात काढलेला परवाना नेमका या हंगामाच्या मध्यावर निरुपयोगी होतो. एप्रिलच्या पहिल्या फेरीआधी तो नवा करावा. ज्या तळ्यांत वसंतात ट्राउट सोडतात ती तळी हंगाम उघडेपर्यंत सर्व प्रकारच्या मासेमारीस बंद असू शकतात, आणि काही राखीव वनांत पाण्यात उतरण्यास मनाई असते. प्रवेशाजवळचा फलक वाचूनच पुढे जावे. पाण्यात उतरण्याची किंवा कयाकमधून जाण्याची परवानगी असली तरी जीवरक्षक जाकीट अंगात असल्याशिवाय जाऊ नये. बाहेर हवा ७० अंश फॅरनहाइट असली तरी पाणी ५० चेच असते. त्यात अचानक पडल्यास श्वासावरचा ताबा सुटतो आणि उत्तम पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत निकामी होतात. एकटे असाल तर काठावरूनच गरवावे.

मेच्या मध्यानंतर एखाद्या दुपारी ध्रुवीकृत चष्म्यातून पाहताना उथळ तळावर ताटाएवढी फिकट वर्तुळे एकमेकांना खेटून दिसू लागतील आणि प्रत्येकावर एक गडद मासा पंख्यासारखी शेपटी हलवत उभा असेल. त्या दिवशी इंडिकेटर डब्यात ठेवावा आणि तरंगणारा फोमचा कोळी बाहेर काढावा.